लहान मुलांना घेऊन अकराशे किलोमीटर: मुक्कामापासून मागे येत केलेली आखणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा यांना घेऊन आजी-आजोबांकडे जायचे आहे. अंतर ११०० किलोमीटर आहे, विमानाचा बेत रद्द करून या वेळी स्वतःच्या गाडीने जायचे ठरले आहे, आणि नकाशा चौदा तास दाखवत असल्यामुळे रात्री मुले झोपल्यावर निघून सकाळी पोहोचावे का, असे तुम्ही विचारले आहे. मुले रडली, कंटाळली किंवा गाडी लागून ओकली तर काय करावे, ही काळजीही त्यात आहे. गेली अठरा वर्षे मी कुटुंबांच्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासांची आखणी करून देते, आणि माझी दोन्ही मुलेही अशाच प्रवासांत वाढली. त्या अनुभवावरून सरळ उत्तर आधी देते: रात्री निघू नका, एका दिवसात पोहोचण्याचा हट्ट धरू नका, आणि दिवसाची आखणी घर सोडण्याच्या वेळेपासून न करता मुले रात्री जिथे झोपणार त्या खोलीपासून मागे येत करा.

विमान सोडण्याचा निर्णय बरोबर आहे का, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी त्यावर थोडे बोलणे आवश्यक वाटते. दोन तासांचे उड्डाण प्रत्यक्षात सहा-सात तासांचे होते, कारण विमानतळापर्यंतचा प्रवास, तपासणीची रांग, सामानाची वाट आणि उतरल्यानंतरचा रस्ता हे सगळे त्यात मिळवावे लागते. मूल दोन वर्षांचे झाले की त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते, त्यामुळे कुटुंब वाढते तसा विमानाचा खर्च वाढतो आणि गाडीचे इंधन मात्र जवळपास तेवढेच राहते. दुसरीकडे मुक्कामाचा खर्च आणि रजेचे जादा दिवस गाडीच्या खात्यात मांडावेच लागतात. माझा ढोबळ आडाखा असा आहे की ५००-६०० किलोमीटरपर्यंत लहान मुलांसाठी गाडी निर्विवाद सोयीची ठरते, आणि १५०० किलोमीटरच्या पुढे, दोन वर्षांखालील मूल बरोबर असेल व रजा मोजकी असेल, तर मी विमानच सुचवते. तुमचे अंतर मधले आहे. ते गाडीने चांगले होऊ शकते, फक्त पुरेसे दिवस द्यायला हवेत. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: दर किलोमीटरमागे धोका मोजला तर नियमित प्रवासी विमानसेवा रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. रस्ता निवडला म्हणजे मुलांचे आसन आणि चालकाची झोप या दोन गोष्टींची जबाबदारी आपण स्वतःकडे घेतली, असे समजावे. पुढे मी या दोन्हींबद्दल जास्त लिहिले आहे, ते याच कारणाने.

आता रात्रीच्या प्रवासाबद्दल. हा बेत मोहक वाटतो, कारण मुले झोपलेली, रस्ता मोकळा आणि ऊन नाही. परंतु दिवसभर घर आवरून, सामान बांधून रात्री नऊला निघालेला चालक सकाळी सहाला उठलेला असतो, म्हणजे रात्री अकरालाच त्याला जागे राहून सतरा तास होतात. इतक्या जागरणानंतर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यानंतर पहाटे दोन ते सहा ही वेळ येते, जेव्हा शरीराचे स्वतःचे घड्याळच झोपेकडे ओढत असते आणि चहा-कॉफी किंवा उघडी काच त्याला रोखू शकत नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला पंचवीस मीटर जाते; चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी कोणीही चालवत नसते. आणि धोका टळला तरी सकाळचे काय? रात्रभर झोपलेली मुले सात वाजता ताजीतवानी उठतात आणि त्यांच्या मागे धावायला दोन न झोपलेले पालक उरतात. एक डुलकीही न लागता पोहोचलेल्या कित्येक कुटुंबांनी मला नंतर सांगितले आहे की भेटीचा पहिला पूर्ण दिवस त्यांनी चिडचिडीत घालवला.

त्याऐवजी पहाटेचा मार्ग घ्या. चालकाने आदल्या रात्री नऊ-साडेनऊलाच झोपावे, सामान संध्याकाळीच गाडीत चढवावे, मुलांना प्रवासाचे सुती कपडे घालूनच झोपवावे आणि सकाळी सहाला, जमल्यास अर्धवट झोपेतच, त्यांना आसनात बसवावे. पहिले दीड-दोन तास बहुधा शांततेत जातात. न्याहारी पहिल्या थांब्यावर करावी. दुपारी दोन ते चार या वेळेत पुन्हा पेंग येते, म्हणून त्या वेळी शक्यतो गाडी चालतच नसावी. तरी पेंग आलीच तर सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॉफी त्या झोपेच्या आधी घ्यावी, कारण तिचा परिणाम जाणवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

मुक्कामापासून मागे येणे म्हणजे काय, ते तुमच्याच प्रवासावर मांडून दाखवते. मुलगा रात्री आठला झोपतो असे धरू. नवी खोली, नवे अंथरूण आणि वेगळा वास यांची ओळख व्हायला, अंघोळ आणि जेवण व्हायला किमान दोन तास लागतात, आणि त्याआधी दिवसभर बांधून बसलेल्या दोन्ही मुलांना तास-दीड तास मोकळे धावायला मिळाले पाहिजे. म्हणजे चारच्या आत खोलीत पोहोचायला हवे. नकाशावरचे साडेपाच तास धरले, तर अर्ध्या-पाऊण तासाचे दोन थांबे आणि जेवणाचा एक तास मिळून ते आठ तास होतात. सहाला निघालात तर दोनला पोहोचाल आणि दोन तास शिल्लक राहतील. हे दोन तास 'आणखी शंभर किलोमीटर उरकून टाकू' म्हणून भरू नका. एक पंक्चर, एक वाहतूककोंडी किंवा एक उलटी त्यांतच मावते.

या हिशेबाने तुमचा प्रवास तीन दिवसांचा आणि दोन मुक्कामांचा होतो. चौदा तास तीन दिवसांत सारखे वाटून देण्याचा मोह होतो, पण माझ्या अनुभवात पहिला दिवस साडेपाच तासांचा, मधला साडेतीन तासांचा आणि शेवटचा पाच तासांचा असा क्रम सर्वांत चांगला चालतो. पहिल्या दिवशी मुलांना नवलाई असते, शेवटच्या दिवशी पोहोचण्याची ओढ असते, आणि मधल्या दिवशी मात्र यांपैकी काहीच नसते. तो दिवस लहान ठेवून दुपार तळ्याकाठी, बागेत किंवा नुसत्या मोकळ्या मैदानात घालवली, तर तिसऱ्या दिवशी गाडीत बसताना रडारड होत नाही. रजा खरोखरच नसेल तर दोन दिवसांत जाता येईल, पण चौदा महिन्यांच्या मुलासाठी सात तास चाकांवर ही मी कमाल मर्यादा मानते.

आता आसनाबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार, योग्य प्रकारे वापरलेल्या चाइल्ड सीटमुळे प्रवासी मोटारीतील मृत्यूचा धोका एक वर्षाखालील बाळांसाठी ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी ५४ टक्क्यांनी कमी होतो. या वाक्यातले 'योग्य प्रकारे' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. तुमच्या मुलाचे आसन मागे तोंड करूनच असले पाहिजे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान कच्ची असते, आणि समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाच्या डोक्याचा सगळा झटका त्या मानेवर येतो. मागे तोंड असले की आसनाची पाठ डोके, मान आणि पाठ यांना एकाच वेळी आधार देते. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ या नियमानुसार बनवलेली आसने पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत पुढे वळवताच येत नाहीत, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा सल्ला तर त्या आसनाची वजनाची किंवा उंचीची कमाल मर्यादा येईपर्यंत मागेच तोंड ठेवण्याचा आहे. पाय दुमडलेले दिसतात म्हणून घाईने आसन वळवणारे पालक मला नेहमी भेटतात. मुलांना तसे मांडी घालून किंवा पाय वर टेकून बसणे मुळीच अवघड जात नाही. चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर मागे तोंडाचे आसन कधीही लावू नये, कारण उघडणारी एअरबॅग थेट त्या आसनाच्या पाठीवर आदळते. तुमच्या मुलीलाही या वयात पाच पट्ट्यांचे आसनच योग्य, अर्थात तिची उंची-वजन त्या आसनाच्या मर्यादेत असेल तर.

निघण्याच्या दोन आठवडे आधी दोन्ही आसने गाडीत लावून तासाभराची फेरी मारून या. आसन बुडाशी, म्हणजे जिथून पट्टा जातो तिथे, धरून हलवले असता अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत पकडून पाहावा. घडी हातात आली तर तो सैल आहे. फुगीर जाकीट घालून पट्टा लावू नये, कारण धडकेत जाकीट दबते आणि पट्टा घट्ट वाटत असूनही ढिला ठरतो. थंडी असेल तर पट्टा लावल्यानंतर वरून पांघरूण घालावे. एकदा एका कुटुंबाबरोबर अशीच फेरी मारताना त्यांची लेक दहाव्या मिनिटाला रडू लागली. आई म्हणाली, तिला हे आसन आवडतच नाही. गाडी थांबवून पट्टा काढला तर खांद्यापाशी त्याला एक पीळ पडलेला होता आणि मानेच्या बाजूला लालसर वळ उठला होता. पीळ काढला आणि ती पुढच्या पाच मिनिटांत झोपली. हा पीळ प्रवासाच्या दिवशी चौथ्या तासाला सापडला असता तर त्या घराने गाडीने जाणेच सोडले असते.

थांब्यांचा नियम मी तान्ह्या मुलासाठी दोन तासांचा धरते, आणि तो इंधनाशी किंवा आपल्या भुकेशी जोडत नाही. आसनात बराच वेळ बसलेल्या बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून दर दोन तासांच्या आत त्याला बाहेर काढून सपाट जागेवर हातपाय हलवू द्यावेत. नवजात बाळासाठी तर हे अंतर याहून पुष्कळ कमी असावे. गाडी थांबल्यावर झोपलेल्या बाळाला आसनातच ठेवून जेवायला बसणे, किंवा मुक्कामी पोहोचल्यावर आसनासकट उचलून खोलीत ठेवणे, या दोन्ही सवयी टाळाव्यात. सगळ्यांना अडणारा प्रश्न असा की बाळ आत्ताच झोपले आहे, मग झोपमोड करून थांबायचे का? आमच्याही घरी एकदा धाकटा नुकताच झोपला म्हणून आम्ही ठरलेला थांबा सोडला. मोठी तेव्हा तीन वर्षांची होती. ती आधी 'पाय दुखतात' म्हणाली, मग काही न बोलता बुटाने पुढच्या आसनाला हळूहळू लाथा मारू लागली, आणि चाळीस मिनिटांनी ती जी रडायला लागली त्याने धाकटाही उठला. पुढचा सगळा दिवस दोघांची झोप आणि भूक एकमेकांशी जुळलीच नाही. तेव्हापासून मी दहा-पंधरा मिनिटांची सूट देते, त्याहून जास्त नाही. मुलांनी मागण्याआधी थांबलेला थांबा वीस मिनिटांत आटोपतो. रडल्यावर थांबलेल्या थांब्याला तास जातो.

थांबे आधीच नकाशावर खुणावून ठेवा, साधारण दर दीड तासाला एक, आणि प्रत्येकाला एक पर्याय. केवळ खाण्याची सोय पाहू नका. गाड्यांपासून दूर, कुंपण किंवा गवत असलेली, स्वच्छतागृह जवळ असलेली जागा पाहा. गाडीतून उतरण्याची एक पद्धत मुलीला घरीच शिकवा: उतरले की तळहात गाडीच्या दारावर ठेवायचा आणि मोठ्या माणसाने हात धरेपर्यंत तो उचलायचा नाही. धाकट्याला काढताना तुमची पाठ तिच्याकडे होते, आणि नेमक्या त्या अर्ध्या मिनिटात मुले वाहनांच्या वाटेवर जातात. उतरल्यावर तिला बसून खायला सांगू नका. आधी पळू द्या, उड्या मारू द्या, दगड गोळा करू द्या. खाणे शेवटच्या दहा मिनिटांत.

गाडी लागण्याचे कारण समजले की उपायही सुचतात. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय मेंदूला सांगते की आपण हलत आहोत, आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचितच होतो, त्यापुढे तो वाढत जातो, म्हणून तुमच्या घरी काळजी मुलीचीच जास्त आहे. तिला समोरच्या काचेतून दूरचे दिसेल अशी बसवा, वळणाच्या रस्त्यावर पुस्तक आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवा, काच थोडी खाली करा, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब असू देऊ नका. बडबड करणारे मूल अचानक गप्प झाले, फिके पडले, जांभया देऊ लागले किंवा 'पोटात कसेतरी होते' म्हणाले, की पुढच्या वळणाची वाट न पाहता सुरक्षित जागा मिळताच थांबा. पिशव्या, ओले कापड आणि कपड्यांचा एक जोड डिकीत नको, हाताशी हवा. औषध द्यायचे तर बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको, कारण झोप आणणारी काही औषधे काही मुलांना उलट अस्वस्थ करतात. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण त्याने श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. मुलांनी गाडीत झोपावे एवढ्यासाठी औषध देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. घाट उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा धाकट्याला बाटली चोखायला द्यावी आणि मोठीला पाण्याचे घोट घ्यायला सांगावे. अंगावर पाजायचे असेल तर गाडी थांबवून.

चालत्या गाडीत खाणे मी जवळपास बंदच ठेवते. मागे तोंड करून बसलेल्या मुलाच्या घशात काही अडकले तर ते पुढच्या माणसाला दिसत नाही, आणि ठसका न येता गुदमरणारे मूल आवाजही करत नाही. शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, कडक गोळ्या यांना तर गाडीत जागाच नको. थांबे वेळेवर असले की याची अडचण भासत नाही.

खेळण्यांबाबत दोनच गोष्टी. सगळी एकदम देऊ नका, तासाला एक काढा. आणि हलकी, मऊ अशीच निवडा. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी एकदम थांबली, तर आतली सुटी वस्तू दहा मीटर उंचीवरून पडल्याइतक्या जोराने आदळते. पाण्याची धातूची बाटली, टॅब्लेट, मागच्या फळीवरचा छत्रीचा दांडा हे सगळे त्यात येते. म्हणून जड सामान डिकीत तळाशी, आसनाच्या पाठीला टेकून, आणि पाठीच्या वर काही रचू नये. मुक्कामाची एकच वेगळी पिशवी करून ती सर्वांत वर ठेवावी, म्हणजे रात्री सगळे उपसावे लागत नाही. टायरमधली हवा निघण्याआधी, टायर थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी दारापाशी लिहिलेल्या आकड्याप्रमाणे तपासावी. स्टेपनीची हवा पाहायला बहुतेक जण विसरतात. आणि थांब्यावर 'दोन मिनिटांत येतो' म्हणून मुलांना बंद गाडीत ठेवू नये, कारण उन्हात आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

तुम्ही दोघेही गाडी चालवत असाल तर दर थांब्याला अदलाबदल करा, आणि न चालवणाऱ्याने शक्य असेल तेव्हा मागे मुलांजवळ बसावे. चालकाने मागे वळून काहीही द्यायचे नाही, पडलेले खेळणेही नाही. रडणे चालू राहिले तरी चालेल, गाडी थांबल्यावरच पाहावे.

शेवटची गोष्ट आजी-आजोबांशी आधीच बोलण्याची आहे. त्यांना पोहोचण्याची वेळ सांगू नका, फक्त दिवस सांगा. 'दुपारच्या जेवणाला येतो' असे एकदा कळवले की ते ताट मांडून वाट पाहतात, तासातासाला फोन येऊ लागतात, आणि शेवटचा थांबा त्या फोनांपायी टाळला जातो. तिसऱ्या दिवशी शेवटचे दीड तास उरले असतानाच्या थांब्यावरून तुम्हीच फोन करा आणि तेव्हाच वेळ कळवा. परतीच्या वेळीही हाच क्रम ठेवा, मात्र कामावर रुजू होण्याआधी एक पूर्ण दिवस घरी मिळेल अशा बेताने निघा.